बोर्डगेमचं संमेलन भरवायचं कुठे, आणि येणाऱ्याला ते पडतं कितीला?

हॉलचं भाडं वाचवलं की संमेलन स्वस्त होतं, हा समज आधी बाजूला ठेवा. समजा, महामार्गालगतचा हॉल शहरातल्या हॉलपेक्षा १५,००० रुपयांनी स्वस्त मिळाला. ८० माणसं येणार. त्यातल्या ५० जणांनी रिक्षा-कॅबला जाऊन-येऊन प्रत्येकी ४०० रुपये जादा मोजले, तर झाले २०,०००. म्हणजे वाचले पंधरा आणि गेले वीस, आणि हे वीस आयोजकाच्या वहीत कुठेच दिसत नाहीत. ते दिसतात पुढच्या वर्षी, निम्मी माणसं येत नाहीत तेव्हा.

म्हणून जागेची निवड येणाऱ्याच्या खिशाकडे बघून करावी, असं मला वाटतं. हा लेख बोर्डगेमच्या, म्हणजे पटावरच्या खेळांच्या, ६० ते १०० माणसांच्या एक दिवसाच्या संमेलनाबद्दल आहे. उदाहरण पुण्याचं घेतलंय, कारण मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सातारा, सोलापूर इथून येणाऱ्यांना ते त्यातल्या त्यात मध्यावर पडतं. भाड्यांचे आणि जेवणाचे आकडे नमुन्यादाखल धरलेत. तुमच्या शहरात ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आधी टेबल मोजा, मग हॉल

हॉलवाला जागेचं माप माणसांत सांगतो. "तीनशेची कपॅसिटी आहे" म्हणजे तीनशे खुर्च्या ओळीने मांडल्या तर बसतात. खेळणाऱ्यांना ते माप निरुपयोगी. भाषण ऐकणाऱ्याला आठ-दहा चौरस फूट पुरतात. पट मांडून बसलेल्याला त्याच्या जवळजवळ तिप्पट लागतात.

हिशेब असा करा. चार ते सहा जणांच्या खेळाला साधारण ६ फूट बाय ६ फुटांचा पृष्ठभाग धरा. चारी बाजूंना खुर्ची मागे सरकवायला आणि मागून माणूस जायला ३-३ फूट. झाला १२ बाय १२, म्हणजे १४४ चौरस फूट. हॉल ६० बाय ४० फुटांचा असेल तर २,४०० चौरस फुटांत १६ टेबलं बसतात. त्यातलं एक नोंदणीला आणि एक खेळांच्या ग्रंथालयाला द्या, म्हणजे जिथून लोक खेळ घेऊन खेळतात आणि परत ठेवतात त्या टेबलाला. उरली १४, सरासरी पाच जण धरले तर ७० माणसं. तीनशेचा हॉल सत्तरचा होतो तो असा. हे गणित न करता तिकिटं विकली की संमेलनाच्या दिवशी लोक जिन्यात पत्ते पिसत बसतात.

जागा बघायला जाताना टेप न्या. सोबत एक पटाचा खेळही न्या आणि तिथे खरोखर मांडून बघा. पिवळ्या झुंबरांच्या उजेडात नारिंगी आणि तपकिरी सोंगट्या सारख्याच दिसतात. डोक्यावरचा पंखा सुरू केला की पत्ते उडतात आणि बंद केला की माणसं घामाघूम होतात. त्यामुळे एसी आहे का आणि त्याचे पैसे ताशी आहेत का, हा प्रश्न चैनीचा नाही. एकदा जोरात टाळी वाजवून बघा. फरशी, काच आणि उंच छत असलेल्या हॉलमध्ये १४ टेबलांचा आवाज एकत्र घुमतो, आणि नियम समजावून सांगणाऱ्याचा घसा दुपारपर्यंत बसतो.

जागांचे प्रकार

नाट्यगृह पहिल्या झटक्यात यादीतून काढा. बालगंधर्व असो की कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, खुर्च्या जमिनीला पक्क्या बसवलेल्या असतात. मोठी प्रदर्शन केंद्रंही, म्हणजे चिंचवडचं ऑटो क्लस्टर, वाशीचं सिडको केंद्र, गोरेगावचं नेस्को, हजारोंच्या गर्दीसाठी आहेत. शंभर माणसं तिथे हरवतील.

पहिलंच संमेलन असेल आणि तीस-चाळीस माणसांचीच खात्री असेल, तर बोर्डगेम कॅफे सकाळपासून दुपारपर्यंत अख्खा घ्या. टेबलं, उजेड, खेळ सगळं तयार असतं. कॅफेवाल्याशी बोलताना भाड्याऐवजी 'किमान इतक्याचं खाणंपिणं होईल' अशी हमी देऊ करा. दोघांनाही ते सोयीचं पडतं.

महाविद्यालयाची जागा कागदावर सगळ्यात स्वस्त. तिथला विद्यार्थ्यांचा क्लब सहआयोजक झाला तर भाडं कधीकधी लागतही नाही. पण बाहेरच्या माणसाला गेटवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, वर्गातले बाक हलत नाहीत, आणि परीक्षेचं वेळापत्रक बदललं की तुमचा हॉल आठवडाभर आधी काढून घेतला जाऊ शकतो. परवानगी तोंडी घेऊ नका. प्राचार्यांच्या सहीचं पत्र हवं.

जिमखाना आणि क्लब हा दुर्लक्षित पर्याय आहे. जिथे ब्रिज आणि कॅरम खेळले जातात तिथे चौकोनी टेबलं आणि बरा उजेड आधीच असतो, आणि चार तास एका जागी बसून डोकं खाजवणाऱ्या माणसांचं कुणाला नवल वाटत नाही. मात्र बुकिंग बहुधा सभासदाच्या नावावर होतं. मित्रमंडळींत कुणाचे काका सभासद आहेत का, याची चौकशी करा.

हॉटेलचा बँक्वेट हॉल नीटनेटका असतो, पण तिथला हिशेब ताटावर चालतो. भाडं वेगळं न लावता 'किमान इतकी ताटं' सांगतात, आणि ताट महाग असतं. सव्वाशे रुपयांच्या थाळीवर खूश असणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही हजाराचं जेवण सक्तीने विकत असता.

आता माझी आवडती जागा: मंगल कार्यालय.

शंभर माणसांच्या संमेलनाला याहून सोयीची जागा आपल्याकडे नाही. वर-वधू पक्षासाठी म्हणून चार-सहा खोल्या मिळतात. आरपीजी, म्हणजे पात्रं होऊन गोष्ट खेळायचा खेळ, खेळणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं: दार लावता येईल अशी खोली, जिथे गोष्ट सांगणाऱ्या गेम मास्टरला ओरडावं लागत नाही. खाली हॉलमध्ये बोर्डगेम, वर वधूपक्षाच्या खोलीत ड्रॅगन. एखादी खोली मुलांसह आलेल्या आयांसाठी ठेवा आणि एक सामानासाठी, कुलूप लावून. स्वयंपाकघर, हात धुवायच्या बेसिनची रांग, चपलांची जागा, दुचाक्यांचं पार्किंग सगळं असतं. शिवाय लग्नाचं बुकिंग अनेक ठिकाणी आदल्या संध्याकाळपासून धरलं जातं, सीमांतपूजनासाठी. तुम्हाला सीमांतपूजन करायचं नाही, पण टेबलं लावायची आहेत. ती संध्याकाळ भाड्यात धरलीय का, हे आवर्जून विचारा.

अडचण एकच, टेबलांची. पंगतीची टेबलं अरुंद असतात, जेमतेम दीड फूट, कारण जेवणारा एकाच बाजूला बसतो. दोन जोडली तर तीन फूट होतात आणि मधल्या फटीतून फासे, क्यूब, छोटी नाणी खाली जातात. वर जाड चादर किंवा रेक्झिन पसरा. कॅटरिंगवाल्याचं गुळगुळीत सॅटिन नको, त्यावर पट घसरतो. मोठ्या खेळांसाठी सहा फूट बाय अडीच फुटांची टेबलं मंडपवाल्याकडून आणा, दोन-दोन जोडा. हॉटेलांतली मोठी गोल टेबलं तर नकोच. मधला पट कुणाच्याच हाताला लागत नाही.

कार्यालयाचे इतर नियम मुकाट्याने पाळावे लागतात: बाहेरचा कॅटरर चालत नाही, मांसाहार नाही, अंडंसुद्धा नाही. मला यात तक्रार दिसत नाही. खेळाच्या पत्त्यांवर तंदुरीचा मसाला लागण्यापेक्षा उपमा बरा. भजी, वडापावची सुकी चटणी, तुपकट काहीही खेळाच्या वेळेत ठेवू नका. चमच्याने खाता येईल असं ठेवा, आणि जेवणाची सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी द्या, म्हणजे हात धुऊनच लोक परत बसतात.

आपलं संमेलन कार्यालयात भरवायचं म्हणजे कमीपणा, असं कुणाला वाटत असेल तर त्याला जेन कॉन या अमेरिकेतल्या मोठ्या खेळसंमेलनाची गोष्ट सांगा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या आरपीजीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९६८ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात ते सुरू केलं, तेव्हा जागा होती हॉर्टिकल्चरल हॉल, म्हणजे बागकामवाल्यांचं सभागृह, आणि भाडं ५० डॉलर. पुढे ते विद्यापीठाच्या आवारात गेलं, मग मिलवॉकीला, आणि २००३ पासून इंडियानापोलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं. गर्दी वाढली तशी जागा बदलत गेली. आधी जागा आणि मग गर्दी, असा उलटा क्रम त्यांनी धरला नाही.

तारीख पंचांगात शोधा

कार्यालयाचा भाव मुहूर्तावर ठरतो. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो तो थेट जूनपर्यंत. त्या काळात शनिवार-रविवार मिळाला तरी भाड्यात घासाघीस होत नाही. चातुर्मासात उलट. मुहूर्त नसतात, कार्यालयं रिकामी, व्यवस्थापक फोनवर गोड बोलतो. त्यातही पितृपक्षाचा पंधरवडा सगळ्यात सुना. तुमच्या मंडळींची हरकत नसेल तर भाव करायला याहून चांगली वेळ नाही.

अधिक महिन्याकडेही लक्ष ठेवा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. म्हणजे शाळांना सुट्टी आणि कार्यालयांना मुहूर्त नाहीत, असा योग. असे योग तीन वर्षांनी एकदा येतात, तेही प्रत्येक वेळी सुट्टीत पडतीलच असं नाही.

पावसाळ्याची किंमत मात्र वेगळी मोजावी लागते. पत्र्याच्या छताखाली जोराचा पाऊस आला की बोलणं ऐकू येत नाही. दमट हवेत पत्ते वाकतात, पुठ्ठ्याचे पट फुगतात. ग्रंथालयाचे खेळ प्लास्टिकच्या झाकणाच्या पेट्यांत आणा आणि जनरेटर आहे का, डिझेलचे पैसे कुणाचे, हे लिहून घ्या. गणेशोत्सवाचे दहा दिवस पुण्यात काहीही ठरवू नका. रस्ते बंद असतात आणि ढोल आतपर्यंत ऐकू येतो.

वार कोणता? लांबून येणाऱ्यांसाठी शनिवार. नागपूरचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी रात्रीच्या गाडीत बसून शनिवारी सकाळी पुण्यात उतरू शकतो आणि त्याच रात्री परत निघू शकतो. लॉजचा खर्च वाचतो आणि रविवार झोपायला मिळतो. रविवारी ठेवलंत तर सोमवारची रजा आली. स्थानिक माणसांना रविवार सोयीचा असतो हे खरं, पण स्थानिकांना महिन्याच्या भेटीगाठी असतातच.

गाड्या बघून पत्ता ठरवा

१९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत येते. म्हणजे ती मुंबईत संमेलन असेल तर पुणेकरांच्या कामाची. तिथेही ती पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटत असल्याने शेवटचा मोठा खेळ अर्धवट टाकून उठावं लागतं. संमेलन पुण्यात असेल तर मुंबईकरांची गाडी इंद्रायणी: पहाटे पावणेसहाच्या सुमारास सीएसएमटीहून निघून नऊच्या सुमारास पुण्यात, आणि परतीची संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. तुमचं वेळापत्रक या दोन वेळांना धरून आखा. सकाळी दहाला सुरुवात, मोठे खेळ साडेपाचपर्यंत संपतील असे, आणि साडेपाचनंतर राहणाऱ्यांसाठी हलकेफुलके पार्टी गेम. मुंबईत रविवारी भरवणार असाल तर मेगाब्लॉक गृहीत धरा आणि जागा दादरच्या आसपास बघा, जिथे मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग मिळतात. एक बंद पडला तरी दुसरा हाताशी असतो.

पुण्यात हल्ली माझी पसंती कर्वे रस्त्याला आहे. पुणे स्टेशनवरून मेट्रो थेट डेक्कन, गरवारे महाविद्यालय, नळ स्टॉप, वनाजकडे जाते. कोल्हापूर-साताऱ्याच्या एसटीने स्वारगेटला उतरलेल्याला जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर मार्ग बदलून तिथेच येता येतं. तिकीट दहा ते पस्तीस रुपयांच्या आत. मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांत पोचता येईल असं कार्यालय मिळालं तर भाडं थोडं जास्त पडलं तरी घ्या. लेखाच्या सुरुवातीचा हिशेब आठवा. रात्री एकटीने परतणाऱ्या मुलीला तो रस्ता उजेडाचा आणि वर्दळीचा वाटेल का, हेही संध्याकाळी आठ वाजता स्वतः चालून बघा.

'मुंबई-पुण्याच्या मध्ये म्हणून लोणावळा' ही कल्पना दर वर्षी कुणीतरी मांडतं. पावसाळ्यातल्या शनिवारी घाटातली गाड्यांची रांग बघितली की ती मागे पडते. निवासी संमेलन करायचं असेल, वीस-पंचवीस जणांचं, बंगला घेऊन, तर कर्जत किंवा लोणावळा आठवड्याच्या मधल्या दिवशी चांगलं. गोव्याचंही तसंच: डिसेंबरात खोल्या परवडत नाहीत, पावसाळ्यात परवडतात, पण तेव्हा कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने सावकाश धावतात.

व्यवस्थापकाशी बोलताना

'गेमिंग इव्हेंट' हा शब्द तोंडातून काढू नका. समोरच्याला ऑनलाइन सट्टा आठवतो. टेबलावर पत्ते आणि फासे दिसले की शंका पक्की होते. सरळ सांगा: पटावरच्या खेळांचं संमेलन आहे, कुटुंबं येतात, पैसे लावून काही खेळलं जात नाही. बॅगेतून एखादा खेळ काढून दाखवा. हे नुसतं समजूत काढण्यापुरतं नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. प्रवेशशुल्कातून जमलेली रक्कम विजेत्याला रोख देण्याचा मोह टाळा. बक्षीस म्हणून खेळ द्या, तेही प्रायोजकाकडून आलेला. पत्ता, वेळ आणि स्वरूप लिहिलेलं एक पत्र जवळच्या पोलीस ठाण्यात आधीच नेऊन द्या आणि तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला परवाना लागतो का, हे तिथेच विचारा.

मग लेखी घ्यायच्या गोष्टी. भाडं जीएसटीसह की वेगळा? हॉल नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के येतात, आणि ते बोलण्यात कुणी आपणहून काढत नाही. वीज मीटरवर की ठोक? सफाई, भांडी, जादा खुर्च्या, सुरक्षा अनामत, ती परत कधी मिळणार? तारीख रद्द केली तर किती कापणार, आणि त्यांनीच रद्द केली तर? हा शेवटचा प्रश्न विचारताना चेहरा बघा. मुहूर्ताचं लग्न आलं की तुमचं बुकिंग हलवायची सवय असलेला माणूस इथे चुळबुळतो.

आयोजकाचा हिशेब

नमुना घेऊ. हॉल ४०,०००, त्यावर जीएसटी ७,२००. वीज-एसी ८,०००, सफाई ३,०००, जादा टेबलं ४,०००, बिल्ले-छपाई ४,०००, पाणी आणि प्रथमोपचार २,०००. बेरीज ६८,२००. आयत्या वेळच्या खर्चाला दहा टक्के धरून ७५,०००. हा खर्च ४० माणसं आली तरी तेवढाच आणि ८० आली तरी तेवढाच.

भागाकार ८० ने करू नका, ६० ने करा. क्षमता आणि विक्री यांत अंतर राहतंच. ६० जणांत माणशी १,२५० होतात. आता खेळविक्रेत्यांना चार स्टॉल द्या, प्रत्येकी ५,०००. वीस हजार कमी झाले, उरले ५५,०००, म्हणजे माणशी सुमारे ९१७. तिकीट ९५० ठेवा. साठच्या वर आलेल्या प्रत्येक तिकिटातून विद्यार्थ्यांची सवलत काढा.

जेवण तिकिटात घालू नका. दुपारचं ताट २५० आणि चहा-नाश्ता ८०, म्हणजे तिकीट एकदम तेराशेच्या घरात जातं आणि डबा आणणाऱ्यालाही ते भरावं लागतं. जेवणाची कुपनं वेगळी विका, चार दिवस आधी विक्री बंद करा, कॅटररला नेमका आकडा द्या.

वर्षाला ढोबळ उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतःला सेवांसाठी जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. तरी पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात जमा करण्यापेक्षा वेगळं खातं काढा आणि संमेलनानंतर हिशेब सगळ्यांना पाठवा.

येणाऱ्याचा हिशेब

मुंबईकर, इंद्रायणीने, दुसऱ्या वर्गाने: गाडी जाऊन-येऊन अडीचशे, मेट्रो ६०, तिकीट ९५०, जेवण २५०, चहापाणी १००. एकूण १,६१०. शिवनेरीने आलात तर प्रवासाचेच हजाराच्या वर जातात.

नागपूरकर, स्लीपरने, मुक्काम न करता: गाडी सुमारे १,०००, तिकीट ९५०, जेवण २५०, प्रवासातलं खाणं ३००, शहरातलं फिरणं २००. एकूण २,७००. मुक्काम केला तर दोघांत खोली घेऊन ७५० आणि जादा खाण्याचे ५००, म्हणजे चार हजारांच्या जवळ. नाशिककरांना पुण्याला यायला सोयीची रेल्वे नाही, त्यांनी एसटीच धरावी. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे जाहिरातीत जरूर लिहा. तीन मैत्रिणींचं यायचं ठरायला तेवढं कारण पुरतं.

या दोन्ही हिशेबांत स्टॉलवरची खरेदी धरलेली नाही, आणि मोठं भगदाड तिथेच पडतं. आयात केलेला एक मध्यम खेळ तीन-चार हजारांना जातो, म्हणजे प्रवासासकट संमेलनापेक्षा महाग. आयोजकांनी यावर उपाय म्हणून एक कोपरा जुन्या खेळांच्या देवघेवीला द्यावा. खोक्यावर किंमत आणि काय हरवलंय ते लिहिलेली चिठ्ठी, बस. स्टॉलवाले थोडे नाराज होतात, पण लोक थांबतात, आणि थांबलेले लोक स्टॉलवरही जातात.

जाहिरातीत शेवटी हा तक्ताच छापा: कुठल्या गावाहून, कुठल्या गाडीने, सगळं मिळून किती. नुसतं 'प्रवेशशुल्क ९५०' वाचून सोलापूरचा मुलगा घरी काय सांगणार? 'सगळं धरून इतके, रात्री इतक्या वाजता घरी' असं लिहिलेलं तो आईला दाखवू शकतो.